पॅरा-खेळाडूंवर माहितीपट करताय? आधी त्यांचा खेळ शिकून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोलीकडचे एक तरुण दिग्दर्शक गोव्यातल्या तीन पॅरा-खेळाडूंवर चाळीसेक मिनिटांचा माहितीपट करणार आहेत. एक मुलगी व्हीलचेअरच्या शर्यतीत उतरते. एका मुलाचा डावा हात कोपरापासून नाही, तो भाला फेकतो. तिसऱ्याचे पाय जन्मापासून कमजोर, तो पोहतो. चित्रपट रडका होऊ नये म्हणून काय करावं, अपघाताबद्दल कसं विचारावं, गोव्यात परवानग्या कुठून घ्याव्यात आणि कॅमेरा कुठला घ्यावा, असं त्यांनी विचारलंय.

कॅमेऱ्याचं शेवटी सांगतो, कारण चारही प्रश्नांत तोच सगळ्यात हलका. रडकेपणापासून सुरुवात करू. या विषयावरचे बहुतेक माहितीपट एकाच साच्यातून निघतात. आधी अपघात किंवा आजार, मग हॉस्पिटल, आईचे भरलेले डोळे, मागे बासरी, पहाटेच्या धुक्यात सराव आणि शेवटी गळ्यात पदक. यात खेळ येतो कुठे? दोन मिनिटं, तीही स्लो मोशनमध्ये. प्रेक्षक बाहेर पडतो तेव्हा त्या माणसाच्या दुःखाची सगळी हकिकत त्याला ठाऊक असते, पण त्याचा भाला दोन वर्षं त्याच अंतरावर का अडकलाय हे ठाऊक नसतं. एखाद्या क्रिकेटपटूवर असा चित्रपट केला असता तर आपण तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

म्हणून विषय खेळच ठेवा. अपंगत्व त्यात येणारच, ते खेळाच्या वाटेने येऊ द्या. माझी कसोटी एकच: तुमचा चित्रपट पाहिलेल्या माणसाला, फलकावर आकडा लागायच्या आधी, फेक बरी गेली की फसली हे ओळखता आलं पाहिजे. इतका खेळ समजलेला प्रेक्षक कीव करत बसत नाही. तो चिडतो, हळहळतो, टाळ्या वाजवतो.

भालाफेकपटू देवेंद्र झाझरिया यांचंच बघा. लहानपणी झाडावर चढताना विजेच्या तारेला हात लागला आणि डावा हात गेला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. २००४ साली अथेन्सच्या पॅरालिंपिकला, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिंपिकला, त्यांनी ६२.१५ मीटर भाला फेकून विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. पुढचं सुवर्ण २०१६ साली रिओला, ६३.९७ मीटर, पुन्हा विश्वविक्रम. मधली बारा वर्षं कुठे गेली? २००८ च्या बीजिंगला आणि २०१२ च्या लंडनला त्यांच्या गटाची, म्हणजे एफ४६ ची, भालाफेक कार्यक्रमातच नव्हती. माणूस तयार, हात तयार, पण स्पर्धाच नाही. त्यात वय तेविशीवरून पस्तिशीला आलं. मला दिग्दर्शक म्हणून त्या तारेपेक्षा ही बारा वर्षं कितीतरी जास्त खुणावतात, कारण त्यात त्यांनी रोज काहीतरी ठरवलं असणार. तारेच्या वेळी त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं.

आता वर्गीकरण, खेळाडूंच्या तोंडी ‘क्लास’. हे समजल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका. अ‍ॅथलेटिक्समध्ये टी म्हणजे धावणं आणि उड्या, एफ म्हणजे फेकी. पुढच्या आकड्यांतून कमतरतेचा प्रकार आणि प्रमाण कळतं. तिशीतले गट सेरेब्रल पाल्सीसारख्या स्नायूंच्या ताळमेळाच्या अडचणींचे. ४० आणि ४१ कमी उंचीच्या खेळाडूंचे. ४२ ते ४४ पायांचे, ४५ ते ४७ हातांचे. पन्नाशीतले बसून खेळणाऱ्यांचे, ६१ ते ६४ कृत्रिम पाय लावून खेळणाऱ्यांचे. पोहण्यात आणखी गुंता आहे. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायला एस, ब्रेस्टस्ट्रोकला एसबी, अनेक प्रकार एकत्र पोहायच्या मेडलीला एसएम. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये जोर मुख्यतः पायांचा, म्हणून त्याचा क्लास वेगळा ठरतो. तुमच्या पोहणाऱ्या मुलाला दोन प्रकारांत दोन वेगळे आकडे मिळालेले असू शकतात. विचारा त्याला. पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारणारा माणूस त्याला कधीतरीच भेटला असेल.

खरं नाट्य या आकड्यांत दडलेलं असतं. क्लास एकदा मिळाला की जन्मभराचा, असं नसतं. काहींचा ‘रिव्ह्यू’वर असतो, पुढच्या स्पर्धेला पुन्हा तपासणी होते. हात-पाय तेच, ताकद तीच, पण क्लास एका पायरीने सरकला की काल पहिला येणारा आज आठवा येतो. तोक्योच्या पॅरालिंपिकमध्ये विनोद कुमार यांना थाळीफेकीत, एफ५२ गटात, कांस्य मिळालं होतं. वर्गीकरणावर आक्षेप आले, तपासणीत त्यांना क्लास देता आला नाही आणि निकाल रद्द झाला. तुमच्या तिघांपैकी कोणाची तपासणी चित्रीकरणाच्या काळात येणार असेल तर वेळापत्रक तिच्याभोवती बांधा. तपासणीच्या खोलीत मात्र कॅमेरा मागू नका. ती वैद्यकीय तपासणी आहे, अंगावरचे कपडेही त्यात उतरतात. आदल्या रात्रीची बॅग भरणं, कागदपत्रांची फाइल आणि निकालानंतरचा पहिला फोन, एवढं पुरेसं आहे.

फरक किती बारीक असतात हेही दाखवा. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी २०२४ साली पॅरिसला गोळाफेकीत एफ४६ गटात रौप्य घेऊन आले. त्यांची फेक १६.३२ मीटर, सुवर्णाची १६.३८. सहा सेंटिमीटर! टेबलावर पट्टी ठेवून ते सहा सेंटिमीटर दाखवलेत तरी प्रेक्षक हलेल. बासरी लागणार नाही.

आता तिन्ही खेळ टिपायचे कसे.

भालाफेकीत बहुतेक कॅमेरामन फेकणाऱ्या हाताच्या मागे लागतात. तुम्ही दुसरी बाजू धरा. दोन्ही हात असलेला फेकणारा मोकळा हात आधी पुढे नेतो, मग झटक्यात छातीशी ओढतो. त्या ओढीने धड वळतं आणि भाल्यामागे जोर येतो. तुमच्या मुलाकडे तो हात कोपरापासूनच नाही, म्हणजे ही ओढ त्याला खांद्यातून, पाठीतून किंवा पुढच्या पायाच्या टेकण्यातून काढावी लागते. त्याने आणि त्याच्या कोचने यावर काय तोडगा काढलाय, हाच तुमचा मधला प्रसंग. समोरून, थोडं डावीकडून, ट्रायपॉडवर, कमरेच्या उंचीला कॅमेरा ठेवा आणि सेकंदाला शंभर-एकशेवीस फ्रेम्सवर तीच फेक पुन्हा पुन्हा घ्या. मग तो तुकडा लॅपटॉपवर त्यालाच दाखवा आणि त्याचं बोलणं रेकॉर्ड करा. आपल्याच फेकीवर खेळाडू जितकं नेमकं आणि निर्दयपणे बोलतो, तितकं नेमकं निवेदन कोणी लिहू शकत नाही. स्लो मोशनचा खरा उपयोग हा.

शर्यतीची व्हीलचेअर तीन चाकांची असते आणि तिला कोणी हाताने धरून ढकलत नाही. कडक हातमोज्यांनी चाकाच्या कड्यावर ठोसे मारायचे असतात, एका लयीत. वळणावर शिरताना खेळाडू पुढच्या चाकाच्या दट्ट्याला एक फटका मारते, चाक वळणाच्या कोनात बसतं. सरळ पट्टीवर आली की उलट फटका. हा अर्ध्या सेकंदाचा फटका तुमच्या प्रेक्षकाला दिसला पाहिजे, मग उरलेल्या प्रत्येक वळणावर तो स्वतःच तो शोधेल. तिचा क्लास टी५३ की टी५४ तेही विचारून घ्या. टी५३ मध्ये पोटाचे स्नायू जवळपास कामच करत नाहीत. टी५४ वाली धडाचा भार ठोशावर टाकू शकते. एकदा हे कळलं की तिच्या पाठीची हालचाल तुम्हाला वेगळी दिसायला लागेल. आवाजाकडे विशेष लक्ष द्या. छातीवरचा लेपल माइक इथे कुचकामी, कारण ती पूर्ण वाकलेली असते आणि कापड घासत राहतं. छोटा रेकॉर्डर चेअरच्या सांगाड्याला, वारा अडवणाऱ्या केसाळ टोपीसकट, तिच्या कोचला विचारून बांधा. ठोशांची ती लय मिळाली तर संगीत निम्मं कमी होईल.

कॅमेऱ्याची उंची हा वेगळा मुद्दा. चेअरवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरच्या आसपास असतात. तुम्ही उभे राहून, खांद्यावरून टिपलंत की प्रत्येक फ्रेममध्ये वरून खाली पाहणं आलं. तुमच्या मनात काहीही असो, चित्र कीवच दाखवणार. बसा. स्टूल घ्या. मात्र ‘प्रेरणादायी’ दिसावं म्हणून जमिनीवर लोळून तिला आभाळाएवढी करणं हेही तितकंच खोटं.

पोहणाऱ्याचं चित्रण पाण्याखालूनच कळतं. काठावरून फक्त हात आणि पाण्याचे शिंतोडे दिसतात. पाय कमजोर असलेला पोहणारा मागे पडतो तो सुरुवातीच्या उडीत आणि वळणावर, कारण भिंतीला रेटा द्यायला पाय लागतात. म्हणजे एकाच अंतराला २५ मीटरच्या तलावात त्याचा तोटा जास्त, ५० मीटरच्या तलावात कमी. भिंतीपाशी पाण्याखाली छोटा कॅमेरा सोडा, नुसतं वळण घ्या. मग मधला पट्टा, जिथे तो हातांच्या जोरावर सगळं भरून काढतो. भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण पोहण्यातलंच, हे तुमच्या निवेदनात एका वाक्यात यायला हरकत नाही: मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठचे, सैन्यात बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधल्या ४६ वर्षांवर टिप्पणी करू नका, दोन्ही सालं शेजारीशेजारी ठेवा, बस्स.

गोव्याच्या हवेबद्दल मात्र सविस्तर बोललंच पाहिजे, कारण इथे नुसतं चित्र बिघडत नाही, माणसाला इजा होऊ शकते. पाठीच्या कण्याला इजा झाली असेल तर इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही. इजा जितकी वर, तितका घामाने थंड होणारा भाग कमी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सकाळी नऊलाच अंग चिकचिकतं. तुम्ही सावलीत उभे राहून ‘लाइट जरा बसू दे’ म्हणत असता, तेवढ्यात चेअरवरच्या मुलीचं अंग तापत चाललेलं असतं आणि चेहऱ्यावर ते दिसेलच असं नाही. सराव सहा-साडेसहाला सुरू करून साडेआठला आवरा. पाण्याचा फवारा, ओले टॉवेल आणि छत्री ही कॅमेऱ्याइतकीच तुमची सामग्री समजा. आणि तुमची तयारी पूर्ण झाल्याशिवाय तिला शर्यतीच्या चेअरमध्ये बसवू नका. ती चेअर अंगाला घट्ट असते, पाय दुमडलेले असतात. लेन्स बदलेपर्यंत तिथे थांबायला लावलंत तर कातडीवर दाब येतो. ज्यांना खाली संवेदना नाही त्यांना तो कळतही नाही आणि त्याची जखम भरायला महिने जातात, म्हणजे हंगाम गेला. साध्या चेअरवरसुद्धा हे खेळाडू दर थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलतात. मुलाखतीत असं झालं की ‘हलू नका’ म्हणू नका. तोच शॉट ठेवा.

पुढेमागे कृत्रिम पाय लावणारा खेळाडू तुमच्यासमोर आला तर पाय काढणं हे कपडे काढण्यासारखं समजा. दमट हवेत आतल्या लायनरमध्ये घाम साठतो, तो मधून मधून काढून पुसावाच लागतो. कॅमेरा बंद करून पाठ फिरवा. त्याने ‘घे’ म्हटलं तर घ्या.

मुलाखतीची जागा निवडताना आधी स्वच्छतागृह पाहा, मग खिडकीतला उजेड. दार चेअर जाईल इतकं रुंद हवं. रॅम्प असेल तर चढ सौम्य हवा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी हा मान्य हिशेब. आपली जुनी गोंयकार घरं दिसायला सुरेख, दारापुढचा बसायचा ओटा, म्हणजे बाल्कांव, तर कॅमेऱ्यासाठीच बांधल्यासारखा, पण तिथे पोचायला चार-पाच पायऱ्या असतात. तिला उचलून वर बसवून ‘सुंदर फ्रेम’ मिळवायची असेल तर ती फ्रेम सोडा. उलट ती स्वतःच्या घरात त्या पायऱ्यांचं रोज काय करते, भाऊ उचलतो की मागच्या दाराला फळी टाकलीय, हे तिच्या मर्जीने टिपलंत तर चित्रपटाला हवं ते मिळेल. अडचण दाखवायची असते ती अशी, वस्तूतून.

अपघाताबद्दल विचारायचं कसं? मुलाखतीच्या खुर्चीत, पहिल्या दिवशी, अजिबात नको. प्रत्येक सत्कार समितीसमोर आणि प्रत्येक वार्ताहरासमोर त्यांनी ती गोष्ट इतक्यांदा सांगितलेली असते की ती पाठांतर झालेली असते. तुम्हाला तीच कॅसेट ऐकायला मिळेल, अश्रूंसकट. आधी खेळाबद्दल विचारा. पहिला भाला कोणी दिला, तो कुठे पडला, डावा हात नसल्याने पहिल्यांदा तोल कुठल्या बाजूला गेला. अपघात आपसूक येईल आणि वेगळ्या शब्दांत येईल. नाहीच आला तर निवेदनात एक ओळ टाका. कोणाला सांगायचंच नसेल तर तीही नको.

बोलायला लावा ते घरच्या भाषेत. तिघांच्या घरी कोकणी बोलत असतील तर मुलाखत कोकणीतच घ्या, निवेदन मराठीत ठेवा, खाली मराठी उपशीर्षकं द्या. कॅमेऱ्यासमोर ठेवणीतलं मराठी बोलणारा माणूस अर्धा गप्पच असतो. आईवडिलांना बोलावताना त्यांचं काम विचारा: स्पर्धेला कोण सोबत जातं, रजा कोण काढतं, ट्रेनमध्ये व्हीलचेअर कुठे ठेवतात. ‘तुम्हाला काय वाटलं?’ हा प्रश्न घरी ठेवून या. त्याचं उत्तर म्हणजे हुंदका, आणि तो तुम्हाला आधीपासूनच हवा होता हे दोघांनाही माहीत असतं.

संमतीपत्रावर एकदा सही घेऊन मोकळे होऊ नका. रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, तिघांना वेगवेगळं दाखवा आणि अंगाचं, आजाराचं, घरच्या भांडणाचं जे काही असेल ते काढायचा हक्क त्यांना द्या. खेळाबद्दलचं मत मात्र तुमचं राहू द्या. फेक वाईट होती तर ती वाईटच दिसेल, हे आधी सांगून ठेवा. पैशांचं म्हणाल तर गोष्टीचे पैसे देऊ नयेत, पण बुडालेला रोजगार, प्रवास आणि सोबत येणाऱ्या माणसाचा खर्च द्यायलाच हवा. सरावाला येणारी रिक्षा त्यांना तुमच्यापेक्षा महाग पडते.

परवानग्या. शासकीय मैदान किंवा तलाव असेल तर गोवा क्रीडा प्राधिकरणाकडे अर्ज, सार्वजनिक ठिकाणांसाठी पणजीला एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा, गावात पंचायत. ड्रोनचा मोह टाळा. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, उत्तरेला मोपाचा विमानतळ आहे, आणि विमानतळाभोवतीच्या १२ किलोमीटरपर्यंत निर्बंध लागू होतात. उडवायचंच असेल तर डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा आधी पाहा. खरं तर आकाशातून व्हीलचेअर मुंगीएवढी दिसते. त्यात काय सांगणार आहात?

पणजीतला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंग व्यक्तींचा महोत्सव, २०२३ पासून होतोय. तिथे जरूर जा, पण ओळखी करायला. चित्रीकरणाला ती जागा वाईट: मागे बॅनर, माइकवर घोषणा, आणि प्रत्येकजण भाषणाच्या मूडमध्ये. बांबोळीच्या ट्रॅकवर एखाद्या मंगळवारी सकाळी, कोणी पाहत नसताना जे मिळतं ते तिथे मिळत नाही.

कायद्याचंही एक लक्षात असू द्या. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपंग व्यक्तींच्या पडद्यावरच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं सांगितली. अपमानकारक शब्द आणि ठोकळेबाज चित्रण टाळा, ज्यांच्याबद्दल बोलता त्यांना सोबत घ्या, असा त्याचा रोख आहे. सोबत घेणं म्हणजे शेवटी आभारात नाव टाकणं नव्हे. तुमच्या तीन-चार जणांच्या टीममध्ये एकजण तरी स्वतः अपंग असावा, संकलनाला असला तर उत्तमच. कुठल्या कटवर खोटेपणा आलाय हे त्याला सगळ्यात आधी कळतं.

चित्रपटाचा पहिला खेळ कुठे लावणार तेही आत्ताच ठरवा. मडगावचं रवींद्र भवन असो वा फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, आधी जाऊन पुढच्या दारातून चेअर आत जाते का आणि ती रांगेच्या मधोमध उभी करता येते का, ते पाहून या. व्यासपीठाला पायऱ्याच असतील तर सत्कार खाली, सगळ्यांसमोर करा. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी कोकणी-मराठी संवादांबरोबर आवाजांचंही वर्णन उपशीर्षकांत द्या. ठोशांची लय ऐकू न येणाऱ्याला ती वाचता तरी येईल. लांबी चाळीस मिनिटं ठीक आहे. इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागात कथेतर गटाची मर्यादा ७० मिनिटांची आहे, म्हणून उगाच ताणू नका.

राहिला कॅमेरा. विकत घेऊ नका. शंभर-एकशेवीस फ्रेम्स देणारा कुठलाही बरा मिररलेस कॅमेरा स्पर्धेच्या दिवसांपुरता पणजीत किंवा मडगावात भाड्याने मिळेल. रोजच्या सरावाला सध्याचा फोन चालेल, फक्त ट्रायपॉड हवा. पैसे घालायचे तर आवाजात घाला: दोन चांगले वायरलेस माइक, एक छोटा रेकॉर्डर, वाऱ्याच्या टोप्या. आणि जूनच्या आधी सिलिका जेलचा डबा घ्या. आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, आणि भाड्याच्या लेन्सला लागली तर डिपॉझिट गेलंच म्हणून समजा.